पुलावरून पाणी असताना आलेली ताई

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. साप चावलेल्या माणसाला झाडफूक करणाऱ्या पुजाऱ्याकडे नेणाऱ्यांशी भांडण्यातच माझी अर्धी नोकरी गेली. तरी हे लिहितेय, कारण डोक्यातून जातच नाही.

मी धानोऱ्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची समुपदेशक आहे. सुनीता – नाव बदललंय – आमचीच पेशंट. तिला मुलगा झाला. त्याला लागण होऊ नये म्हणून रोज सिरप पाजायचं, चुकवायचं नाही. बस्स, एवढंच काम! पण नवऱ्याला शहाणपण सुचलं. बाळाला परस्पर शहरात नेऊन कार्ड टेस्ट करून आणली. पॉझिटिव्ह!

अरे बापा, ती टेस्ट विषाणू नाही बघत, अँटीबॉडी बघते! आणि आईच्या अँटीबॉडी बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात. किती वेळा सांगितलं होतं! फोनवर म्हणतो कसा, "ताई, लेकराले लागलंच हाये, मंग औषध काऊन पाजाचं? माह्या मायनं बंद केलं."

माझं डोकंच फिरलं. निघणार तर नाल्याला पूर, पुलावरून पाणी. त्यांच्या गावात जायला तो एकच रस्ता. मग फोनही लागेना. दुसरा दिवसही दवाखान्यात चरफडत काढला.

पाणी ओसरल्याबरोबर स्कूटी काढली आणि भांडायच्या तयारीनंच पोचले. सुनीताच्या सासूबाई अंगणातच होत्या.

"पुन्हा काऊन आल्या ताई? औषध चालू हाये ना!"

"पुन्हा?"

"काल नाई का आल्या? तुमीच तं सांगतलं... मायच्या लुगड्यात गुंडाळलं म्हून लेकरू माय होत नाई. लुगडं मायचं, आंग लेकराचं. दीड वर्सानं लुगडं निघंल, मंग पाहा म्हने."

अहो, हे मी जन्मात बोललेले नाही! इतकी वर्षं घसा फोडतेय, पण अँटीबॉडी इतक्या सोप्या करून सांगणं मला कधी जमलं नाही.

"काल पुलावरून पाणी होतं ना? मग मी आले कशी?"

"ते तुमाले मालूम. पाय मातर कोरडे होते तुमचे."

नवराही मान डोलावत होता. मी चिडले, तर सासूबाई सुनेला सांगतात, "थकल्या वो ताई, चहा ठेव." बाटली पाहिली. सिरप खरंच चालू होतं.

दीड वर्षानं शेवटची टेस्ट झाली. कार्डावर एकच रेघ... निगेटिव्ह! मला रडूच फुटलं. सासूबाई माझे हात सोडेनात. "तुमी त्या दिवशी आल्या म्हून वाचलं आमचं लेकरू!" मी आले नव्हते हो, म्हणून परत सांगितलं. कोणी ऐकेल तर शपथ.

सुनीतानं मात्र मला बाहेर गाठलं.

"ताई, मले मालूम हाये, त्या तुमी नव्हत्या. चेहरा तुमचाच, पन तुमी लय खेकसता. त्यायनं एक डाव आवाज चढवला नाई."

"अगं मग विचारलं का नाहीस, तुम्ही कोण म्हणून?"

"माह्या लेकराले औषध पाजून राह्यल्या होत्या," ती म्हणाली. "मी काऊन इचारू?"

तिला उत्तर नकोच होतं. मला हवंय... आणि आजतागायत मिळालेलं नाही.