संघपाल गोंडाणे याचा रहिवास

संघपाल गोंडाणे खुर्चीवर बसत नाही, टेकतो. बुटीबोरीच्या कापडगिरणीत आयुष्य गेलं आणि तिथे उभं राहण्याचाच पगार मिळायचा, हे त्याचं अधिकृत कारण. खरं कारण असं की बसलं की त्याचं डोकं चालायला लागतं, आणि डोकं चालायला लागलं की एखादा नियम सुचतो.

नागपुरात इंदोऱ्याच्या मागच्या अंगाला, नाला आणि रेल्वेलाइन यांच्या मधल्या वस्तीत प्रगती क्रीडा मंडळाचं कबड्डीचं मैदान आहे. मैदान मातीचं, भिंत छातीएवढी, फाटक लोखंडी. मंडळाने ढाली बेताच्याच जिंकल्या आहेत. घटना मात्र दणदणीत आहे. कबड्डीचे नियम चार पानांत मावतात. मंडळाची घटना चोवीस पानांत जेमतेम बसवली आहे, आणि ती सगळी संघपालच्या हातची. ज्या वस्तीत घरोघरी संविधानाची प्रत आहे, तिथल्या क्रीडा मंडळालाही घटना असावी आणि घटनेला उद्देशिका असावी, यात कोणाला काही नवल वाटलं नाही. ‘आम्ही, या वस्तीचे खेळाडू’ अशी ती सुरू होते. नवा सभासद मैदानात पाय ठेवण्याआधी रेषेबाहेर उभा राहून ती मोठ्याने वाचतो. लहान पोरं ती एका दमात म्हणतात. तेवढाच दमाचा सराव.

या घटनेतलं सातवं कलम रहिवासाचं. त्याला कारण झालं शेजारचं लॉन. नागपुरात लग्न लॉनवर लागतं, आणि लॉन कितीही मोठं असलं तरी वऱ्हाडाच्या गाड्यांना ते पुरत नाही. त्यामुळे मैदानाच्या भिंतीपलीकडच्या लॉनवाल्या शेठला मैदानात पार्किंग दिसू लागलं. एका वर्षी आमसभेच्या तोंडावर त्याने टेम्पो भरून खेळाडू पाठवले. त्यांतल्या निम्म्यांना वाकून स्वतःचा गुडघाही धरता आला नसता, पण सगळ्यांना सभासद व्हायचं होतं. बहुमत झालं की ठराव, ठराव झाला की मैदान शेठचं, असा साधा हिशेब. संघपालने त्याच आठवड्यात सातवं कलम लिहिलं: सभासद वस्तीचा रहिवासीच असला पाहिजे. टेम्पो परत गेला. मग काही जण वस्तीत खोली घेऊन तिला कुलूप लावून गेले आणि आपण रहिवासी असल्याचं सांगू लागले. तेव्हा त्याने कलमाला शेपूट जोडलं: ‘कुलूप म्हणजे रहिवास नव्हे. ज्याच्या घरची चूल रोज संध्याकाळी वस्तीत पेटते, तोच रहिवासी.’

हे वाक्य त्याला इतकं आवडलं की तो ते बोलताबोलता सहज वापरत असे. त्या वाक्याने पहिला बळी घेतला तो नागसेनचा. नागसेन म्हणजे मंडळाचा सगळ्यात तगडा चढाईपटू आणि संघपालचा शाळेपासूनचा दोस्त. तो बुटीबोरीला कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायला गेला, आणि आमसभेत त्याचं नाव कमी झाल्याचं संघपालनेच वाचून दाखवलं. कायदा सर्वांना सारखा, असंही वर म्हणाला.

हे सगळं ठीक चाललं होतं. मग बायकोचे, सुमतीचे गुडघे गेले.

संघपालचं वस्तीतलं घर म्हणजे एकावर एक दोन खोल्या आणि मध्ये लोखंडी जिना. सुमती जिना चढायची ती देवाघरी निघाल्यासारखी, थांबत थांबत. मुलगा रोहित मिहानमधल्या कंपनीत कामाला. त्याने शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बेस्याला फ्लॅट घेतला, लिफ्टवाला. दिवाळीनंतर आईबापांना उचलून तिकडे नेलं. संघपालने वस्तीत सांगितलं, ‘थोड्या दिवसांसाठी चाललो.’ थोडे दिवस म्हणजे किती, याची व्याख्या घटनेत नव्हती. ही एकच पळवाट त्याने शिल्लक ठेवली होती, तीही चुकून.

बेस्याच्या फ्लॅटमध्ये त्याला काही सुचेना. हॉलमधून बाल्कनीत, बाल्कनीतून दारापर्यंत, दारातून पुन्हा हॉलमध्ये. सुमती सोफ्यावर पाय लांब करून बघत राही.

‘‘काहून जी, फरशी मोजून राहिले का?’’

‘‘पाय मोकळे करून राहिलो.’’

‘‘इतके मोकळे नोका करू. तुटून पडतीन.’’

त्याला सभासद राहायचं होतं, एवढीच गोष्ट होती. मंडळाचं अध्यक्षपद त्याच्याकडे होतं; ते गेलं असतं तरी चाललं असतं. ते दर तीन वर्षांनी जात-येतच असे. पण सभासद तो मिसरूड फुटायच्या आधीपासून होता. गिरणीत तो बिल्ल्याचा आकडा होता, घरी रोहितचा बाप होता, बेस्याच्या सोसायटीत फ्लॅट क्रमांक चारशे दोनमधले काका होता. ‘आम्ही, या वस्तीचे खेळाडू’ मधला ‘आम्ही’ तेवढा त्याचा स्वतःचा होता. आणि मार्चमध्ये आमसभा होती. तिथे प्रत्येक सभासदाने आपल्या तोंडाने ‘रहिवासी’ म्हणायचं, ही रीतही त्यानेच पाडली होती.

आधी तो रोज सकाळी मेट्रोने इंदोऱ्याला येऊन घर उघडू लागला. अंगण झाडायचा, एक बनियन ओली करून दोरीवर टाकायचा. पण बनियन म्हणजे चूल नव्हे. मग त्याने चहा करून पाहिला. चहा हा स्वयंपाक आहे काय, यावर त्याने दोन दिवस विचार केला आणि स्वतःच्याच विरोधात निकाल दिला. शेवटी त्याने एका दुपारी पिशवीत छोटा कुकर घातला आणि मेट्रोत शिरला. तपासणीला गार्डने पिशवी उघडली.

‘‘ये क्या है, अंकल?’’

‘‘रहिवास,’’ संघपाल म्हणाला. गार्डने झाकण उघडून आत पाहिलं आणि जाऊ दिलं.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी वस्तीतल्या घरी खिचडी शिजू लागली. घर त्याचं, चूल घरची, वेळ संध्याकाळची. कलमाचा शब्द न् शब्द पाळला जात होता. शिजवलेलं टाकून देणं बरं नाही म्हणून तो ती खायचा. मग घाईघाईने कुलूप लावून मेट्रो पकडायचा आणि बेस्याला सुमतीच्या पोळ्यांसमोर येऊन टेकायचा. पोट तट्ट फुगलेलं, मन अर्धं इंदोऱ्यात. बोलताना ढेकर येऊ नये म्हणून तो गप्प राहायचा, आणि गप्प राहिला की जास्तच संशय यायचा.

शेजारच्या प्रेमिलाने तिसऱ्याच दिवशी भिंतीवरून डोकावून विचारलं, ‘‘भाऊजी, काय शिजवून राहिले?’’

‘‘खिचडी.’’

‘‘एकट्यासाठी? वहिनी कोठी गेल्या?’’

‘‘त्या जेवून गेल्या,’’ तो म्हणाला. प्रेमिलाने मान डोलावली. वस्तीत चांगली माणसं खोटं बोलायला लागली की लोक अशीच मान डोलावतात.

सुमतीने मात्र महिनाभरात पकडलं.

‘‘पोळी काहून ठेवली?’’

‘‘भूक नाही.’’

‘‘बाहेर खाल्लं?’’

‘‘बाहेर नाही. घरी.’’

‘‘कोणत्या घरी?’’

संघपालने पाण्याचा गिलास उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. मग सगळं सांगितलं. सुमतीने पोळ्यांच्या डब्याचं झाकण उघडलं.

‘‘मंग मंडळ सोडून द्या नं.’’

‘‘सोडणं नाही, ते काढणं आहे. फरक असते.’’

‘‘मले तं दोन्हीत तुम्ही घरीच दिसता,’’ सुमती म्हणाली आणि त्याच्या पानातली पोळी उचलून डब्यात ठेवली.

आमसभा रविवारी सकाळी मैदानातच भरली. मातीवर सतरंज्या, सचिवाला टेबल, कडेला दोनचार खुर्च्या. सचिव अपेक्षा, शाळेत पीटी शिकवते, मंडळाच्या मुलींच्या संघाची कप्तान होती, आणि तिला पहिल्यांदा उद्देशिका वाचून घेतली होती ती संघपालनेच. भिंतीबाहेर, नेहमीच्या जागी, कोपर टेकून नागसेन उभा होता. नाव कमी झाल्यापासून तो एकही आमसभा चुकला नव्हता. बाहेर उभा राहून शेरे मारायचा आणि संघपाल दरवर्षी इतिवृत्त लिहिणाऱ्याला सांगायचा, ‘‘बाहेरचा आवाज नोंदवू नको.’’

सभा सुरू व्हायच्या आधी प्रीतमने संघपालला कोपऱ्यात घेतलं. प्रीतम वस्तीतलाच, सभासद, चांगला मुलगा, आणि शेजारच्या लॉनचा मॅनेजर.

‘‘काका, टेन्शन नोका घेऊ. अख्ख्या वस्तीले माहीत आहे. तुमच्या कुकरची शिट्टी झाली की माही आई सिरियल लावते.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे तुमाले कोणी जाऊ देत नाही. दुरुस्ती आणली आहे. तुम्ही फक्त रहिवासी म्हणा अन् बसून राहा. सगळे हात वर करणार आहेत.’’

त्याने कागद दाखवला. ‘ज्याची चूल वस्तीत पेटते, तो रहिवासी.’ एवढंच. ‘घरची’ गेलं होतं, ‘रोज’ गेलं होतं, ‘संध्याकाळी’ गेलं होतं. आठवड्यातून एकदा, कुठेही, दोन वाट्या खिचडी. संघपालला एकदम हलकं वाटलं. किती महिन्यांनी कोण जाणे, तो खुर्चीवर टेकला नाही, चक्क बसला.

बसला आणि डोकं चालायला लागलं.

भिंतीपलीकडून फोडणीचा वास आला. लॉनमध्ये संध्याकाळच्या लग्नाच्या भट्ट्या पेटल्या होत्या. लॉन वस्तीच्या हद्दीत येतं. तिथली चूल रोज पेटते, आणि ती शेठची आहे. नव्या व्याख्येने शेठ रहिवासी, त्याचे आचारी रहिवासी, त्याचे वाढपी रहिवासी. एका सीझनमध्ये वस्तीपेक्षा मोठी वस्ती उभी राहिली असती, आणि तिला कोणी टेम्पोतून आणायचीही गरज नव्हती. हे प्रीतमच्या लक्षात आलं होतं की नाही, सांगता येत नाही. तो काकांसाठी मनापासून धडपडत होता आणि पगार शेठचा घेत होता. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी जमतात.

संघपाल उठला. उठून दोन पावलं गेला, परत आला. ठरावाला विरोध करायचा तर सभासद पाहिजे. सभासद राहायचं तर आधी ‘रहिवासी’ म्हणायला पाहिजे, कारण कामकाजाचा क्रम असा: आधी रहिवास, मग ठराव. हा क्रमही त्याचाच; बाहेरच्या माणसाने मत देऊन जाऊ नये म्हणून. एक खोटा शब्द बोलला की तो मैदान वाचवू शकत होता, वर सभासदही राहत होता. खिचडी तर त्याने खरीच शिजवली होती.

नावं सुरू झाली. ‘‘रहिवासी.’’ ‘‘रहिवासी.’’ ‘‘रहिवासी, अन् लाइट काहून नाही येऊन राहिली आमच्या गल्लीत?’’

‘‘संघपाल गोंडाणे,’’ अपेक्षाने वाचलं.

सगळी सभा एकदम दुसरीकडे पाहू लागली. कोणी मातीकडे, कोणी मोबाइलकडे. इतक्या लोकांनी एकाच वेळी दाखवलेली माया अंगावर येते.

‘‘रहिवासी नाही,’’ संघपाल म्हणाला.

‘‘काका, तुम्हाले नीट ऐकू नाही आलं. मी पुन्हा विचारते.’’

‘‘नीट ऐकू आलं, बाई. माही चूल बेस्याले पेटते. सुमती पेटवते. लिही.’’

अपेक्षाने लिहिलं. लिहायला तिने फार वेळ घेतला.

‘‘आता त्या दुरुस्तीबद्दल माह्यं म्हणणं असं, की...’’

‘‘काका.’’ अपेक्षाने मान वर केली नाही. ‘‘सभासद नसलेल्याले सभेत बोलता येत नाही. थांबताही येत नाही. कलम...’’

‘‘एकोणीस,’’ संघपालने सांगितलं. पोरगी पक्की तयार झाली आहे याचं त्याला बरं वाटलं आणि तिच्या थोबाडीत द्यावीशीही वाटली. तो फाटकातून बाहेर पडला आणि भिंतीच्या कडेने वळसा घालून नागसेनच्या शेजारी येऊन उभा राहिला.

‘‘ये गा,’’ नागसेन सरकून म्हणाला. ‘‘इथून चांगलं दिसते. सावली पण आहे.’’

‘‘गप बे.’’

‘‘मी काहून गप? मले कलम लागत नाही. आता तुलेही नाही लागत.’’

आत नावं संपली आणि प्रीतम दुरुस्ती वाचायला उभा राहिला. संघपालने नागसेनकडे पाहिलं. मग दोन्ही हात भिंतीवर ठेवले आणि गिरणीत यंत्रांच्या वर आवाज काढायची सवय होती त्या आवाजात ओरडला, ‘‘अपेक्षा! लॉनमधली भट्टी वस्तीत येते का नाही, विचार त्याले!’’

‘‘बाहेरचा आवाज नोंदवू नको,’’ अपेक्षा इतिवृत्त लिहिणाऱ्याला म्हणाली. मग प्रीतमकडे वळली. ‘‘हे मी विचारून राहिली. लॉनची भट्टी वस्तीत येते?’’

प्रीतमने मान खाजवली. ‘‘तशी येते.’’

‘‘तिथं आचारी किती?’’

‘‘सीझनवर आहे ते.’’

प्रेमिला सतरंजीवरून उठली. ‘‘म्हणजे शेठचे आचारी सभासद होतीन? ते काय कबड्डी खेळतीन?’’

‘‘पार्किंग पार्किंग खेळतीन,’’ भिंतीबाहेरून नागसेन म्हणाला. तेही कोणी नोंदवलं नाही. लोक हसले, आणि मग एकेकाचं हसू आवरलं. हात वर करायला आलेल्यांनी हात मांडीवर ठेवले. प्रीतमने कागदाची घडी केली, ती आणखी बारीक केली, आणि ठराव मागे घेतला. संघपालकडे बघून तो म्हणाला, ‘‘मी तं तुमच्यासाठीच आणला होता ना, काका.’’

‘‘माहीत आहे,’’ संघपाल म्हणाला. त्याला खरंच माहीत होतं.

कोणीतरी मानद सभासदत्वाचं सुचवलं. अपेक्षाने चोवीस पानं चाळली. घटनेत मानद असं काही नव्हतं. मैदानात घाम न गाळता मान घेणारे लोक येतात म्हणून संघपालनेच ते येऊ दिलं नव्हतं.

सभा संपली. सतरंज्या गोळा झाल्या, पोरींचा सराव सुरू झाला. नागसेन चहा प्यायला निघाला. संघपाल ‘‘येतो’’ म्हणाला आणि गेला नाही. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, परत यायचा. आतून अपेक्षा आली.

‘‘काका, फाटकाची किल्ली.’’

त्याने खिशातून काढून भिंतीवरून दिली. ‘‘कुलूप अडते. डावीकडे जरासं दाबून फिरवजो.’’

‘‘हो.’’ ती किल्ली घेऊन तिथेच थांबली. ‘‘सकाळी येत जा सरावाले.’’

‘‘कोणत्या कलमाखाली?’’

‘‘बघायले कलम नाही लागत, काका.’’

‘‘लागत नाही?’’ संघपाल थबकला. भिंतीवर नेहमीप्रमाणे बघे बसले होते. काहींचे पाय आत लोंबत होते, एकाची टाच तर थेट रेषेच्या वर. त्याने भुवया आक्रसल्या. ‘‘लागायले पाहिजे. बघणाऱ्यानं पाय बाहेरच्या बाजूले ठेवावे, असं तरी लिहून टाक. अन् चढाई चालू असताना आतल्याले शिकवू नये.’’

‘‘पुढच्या सभेत मांडू,’’ अपेक्षा म्हणाली.

‘‘पुढची सभा वर्षानं. तोपर्यंत काय?’’

आत एका पोरीने चढाईला दम धरला होता. तिचा डावा पाय उगाच पुढे पडला. संघपालने तोंड उघडलं, मिटलं, आणि भिंतीच्या दुसऱ्या टोकाकडे चालू लागला.