आमच्या घरचे चिनी कान

पौष महिन्यात आमच्या घरी एक पदार्थ व्हायचा. त्याला आम्ही 'कान' म्हणत असू. गव्हाच्या कणकेची वाटोळी पारी लाटायची, तिच्यात किसलेला मुळा आणि कोंबडीचं बारीक केलेलं मटण भरायचं, पारी दुमडून कडा मुरडायच्या आणि उकळत्या पाण्यात सोडायचं. पुष्कळ दिवस मला वाटत होतं की जव्हारात सगळ्यांच्याच घरी हे करतात. शेजारणीने एकदा विचारलं, आज काय केलंय, आणि मी कान म्हटल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा कळलं, हे आमचंच.

तो पदार्थ चीनमधून आला होता. माझ्या बाने आणला.

बा संस्थानच्या पागेत मोतद्दार होता. घोड्यांना खरारा करायचा, दाणावैरण बघायची, आजारी जनावराशेजारी बसून राहायचं. एकदा त्याला दोन घोडे घेऊन देवळालीच्या छावणीत पाठवलं. चार दिवसांत परत येतो म्हणाला आणि आला नाही. चीनच्या मुलखात लढाई लागली होती आणि छावणीतली खेचरं बोटीने तिकडे जायची होती. मुंबईच्या धक्क्यावर खेचरं बोटीच्या फळीवर पायच ठेवीनात. बाने एकेकाच्या मानेवर हात ठेवून, बोलत बोलत, सगळी वर चढवली, आणि मग साहेबाने त्याला खाली उतरूच दिलं नाही. बा असंच सांगायचा. आईला ते कधी पटलं नाही. खेचरं चढली म्हणून माणूस चढतो का, एवढंच ती म्हणायची.

बा चीनला गेल्याचा निरोप एका गाडीवानाने आणला तेव्हा मी पाच वर्षांची होते आणि आईला चौथा महिना होता. मामाने येऊन आम्हाला खोडाळ्याला नेलं. तिथे माझा भाऊ जन्मला. त्याचं मला फार थोडं आठवतं: मांडीवरचं ओझं, टाळूला लावलेल्या तेलाचा वास, आणि झोपेत तो ओठ हलवायचा ते. आठ महिन्यांचा होता होता तो श्रावणातल्या तापाने गेला. बाला कळवायचं कुठे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

बा आला तो भातकापणीत. इगतपुरीला आगगाडीतून उतरून पायी चालत आला होता, डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन. सकाळचं धुकं अजून उठलं नव्हतं. मी ओटीवरून पाहिलं, कापलेल्या शेतात दोन माणसं उभी होती. एक मामा होता. दुसऱ्याला मी ओळखलं नाही. मामा काहीतरी बोलला आणि ते दुसरं माणूस पेटी डोक्यावर तशीच धरून खाली बसलं. आत आई भात कांडत होती. तिला कुणीतरी सांगितलं, आलेत म्हणून. मुसळाचा आवाज थांबला नाही.

समुद्र ओलांडला म्हणून जातीतल्या वडीलधाऱ्यांनी बाला प्रायश्चित्त घ्यायला लावलं. त्याने डोकं भादरलं, पंचगव्य घेतलं, सगळं निमूट केलं. आम्ही जव्हारला परत आलो, बा पागेत जाऊ लागला. आई त्याला जेवायला वाढायची, त्याचे कपडे धुवायची, पण त्याच्याशी बोलायची नाही. बोलायचं ते माझ्याकरवी. "बाला सांग, पाणी तापलंय." बा तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावरच बसलेला असायचा. तो म्हणायचा, "आईला सांग, ऐकलं." त्या दोघांच्या मध्ये मी दिवसभर निरोप वाहत असे, आणि मला त्यात काही विचित्र वाटत नसे. घरं अशीच असतात असं वाटायचं.

पौष लागला. खालच्या दऱ्या सकाळभर धुक्याने भरलेल्या असायच्या आणि आमचं घर त्या पांढऱ्यावर तरंगतंय असं मला वाटायचं. त्याच दिवसांत आईला हीव भरलं. दोन गोधड्या अंगावर घेऊन ती माजघरात पडून राहिली. शेजारच्या काकूंनी भाकर आणून देते म्हटलं. बा नको म्हणाला. तो चुलीपुढे बसून राहिला थोडा वेळ, मग उठून त्याने पेटी उघडली आणि आतून वीतभर लांबीचं, बोटाएवढं जाड एक लाकूड काढलं. लाटणंच होतं ते, पण आमच्या लाटण्याच्या निम्मंही नव्हतं.

संक्रांतीच्या पोळ्यांसाठी जपून ठेवलेली कणीक त्याने मला काढायला सांगितली. आमच्याकडे गहू कुठला? भात आणि नागली. कणीक नाशकाहून यायची आणि सणालाच डब्याबाहेर निघायची. आई रागावेल असं मी म्हटलं. बा म्हणाला, "रागावू दे. काहीतरी बोलेल तरी."

त्याने थंड पाण्यात कणीक मळली आणि ओल्या फडक्याखाली ठेवून दिली. घरचीच एक कोंबडी होती, तिचं मटण पाटावर कोयत्याने बारीक केलं. मुळा किसून, मीठ लावून, मुठीत पिळून पाणी काढलं. पातीचा कांदा, आलं. मी बघत होते. बाचे हात घोड्यांचे होते, जाड, नखांत काळं. पण त्या लहान लाटण्यावर ते हलके झाले होते. डाव्या हाताने पारी फिरवत तो कडेकडेने लाटायचा. मधे जाड, कडेला पातळ. लाटता लाटता तो बोलू लागला. आल्यापासून तो तिकडचं काही बोलला नव्हता.

तिकडे हिवाळ्यात आभाळातून पीठ पडतं, म्हणाला. सगळं गाव पांढरं होतं. खेचरांच्या मिशांवर ते गोठतं. त्यांच्या तुकडीला एका गावात तीन महिने ठेवलं होतं. गाव अर्धं रिकामंच होतं, लोक डोंगरात पळून गेले होते. ज्या घराच्या गोठ्यात बाची खेचरं होती तिथे एक म्हातारी मागे राहिली होती. पहिले कितीतरी दिवस ती त्याच्याकडे बघायची नाही. मग एका खेचराच्या पायाला जखम झाली, बा रात्रंदिवस त्याच्यापाशी बसला, तेव्हा तिने त्याला आत बोलावलं आणि हे लाटणं हातात दिलं. भाषा एकमेकांची कळत नव्हती. ती आपले कान दोन बोटांत धरून दाखवायची, मग त्याचे धरायची. हे खाल्लं नाही तर थंडीने कान गळून पडतील, असं ती सांगत असावी, असा बाचा समज.

पाणी उकळलं. बाने पहिले आठ-दहा कान सोडले आणि बघता बघता ते उलगडले. मुळा एकीकडे, कणकेच्या चिंध्या दुसरीकडे. त्याने आणखी केले. तेही फुटले. बा झाऱ्याने पाणी ढवळत राहिला. तिकडे लाटायचं काम त्याच्याकडे असायचं, मिटायचं काम म्हातारी स्वतः करायची. तिने त्याला कधी मिटू दिलं नव्हतं. हे त्याला आता चुलीपाशी बसल्यावर कळत होतं.

दारात आई उभी होती. गोधडी अंगाला गुंडाळलेली, केस सुटलेले. ती कधीपासून उभी होती कोण जाणे.

"अशी नाय मुरड घालीत," ती म्हणाली.

ती बाशी बोलली होती. मी दोघांकडे आळीपाळीने बघत होते, आता निरोप कुणाला द्यायचा ते मला समजेना. आई येऊन चुलीपाशी बसली. पारी तळहातावर घेतली, कडेला ओलं बोट फिरवलं आणि करंजीला घालतात तशी बारीक मुरड घातली. अंगात ताप होता, पण मुरड सरळ गेली. बा लाटत होता आणि ती मिटत होती.

मग आईने विचारलं, "तिला मुलंबाळं होती?"

"एक लेक होता. डोंगरात पळाला होता. त्याचा वाडगा ती रोज भरून ठेवायची."

"आला?"

"आमी निघालो तवर नव्हता आला."

आईने हातातला कान पाटावर ठेवला. दुसरी पारी घेतली. तिच्याकडेच बघत म्हणाली, "तुमचा आठ महिन्यांचा होत आला होता."

बाचं लाटणं थांबलं. हे त्याला मामाने सांगितलेलं होतं, सगळ्या गावाने सांगितलेलं होतं. आईच्या तोंडून त्याने ते पहिल्यांदा ऐकलं.

"कुणासारखा होता?" त्याने विचारलं.

"रंग माझा. कान तुमचे."

बा रडला. मोठ्या माणसाला रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. आईने त्याला उगी केलं नाही. ती सांगत गेली: तो कसा पालथा पडायला लागला, दिवा दिसला की कसा हसायचा, शेवटच्या दिवशी पाऊस किती होता. बा ऐकत होता. मध्येच पाणी वर आलं तसं त्याने गार पाण्याचा तांब्या टोपात ओतला. असं तीनदा करायचं असतं. एकही कान फुटला नाही. चिंचेच्या कोळात लसूण ठेचून घातला होता, त्यात बुडवून आम्ही तिघांनी खाल्लं. आई दोनच खाऊ शकली आणि जाऊन झोपली.

त्यानंतर घरात बोलणं सुरू झालं. फार गोडीचं असं नाही. आई जन्मभर बाला बोटीवरून टोमणे मारत राहिली. पण माझे निरोप बंद झाले आणि मला काही दिवस रिकामं रिकामं वाटलं. दोन वर्षांनी मला आणखी एक भाऊ झाला. कानांचा ताबा पुढे आईनेच घेतला. तिने आल्याबरोबर हिरवी मिरची घातली, आषाढात मुळ्याऐवजी बांबूचे कोंब भरून बघितले, कणीक पुरली नाही की तांदळाचं पीठ मिसळलं. बा जे समोर येईल ते खायचा.

माझं लग्न ठरून मी मोखाड्याला जायची होते, त्या वर्षीचं एक आठवतं. बा लाटत होता, आई आणि मी कान मिटत बसलो होतो. आईने सहज विचारलं, म्हातारीच्या हातचे कसे लागायचे?

"ती चव आता आठवत नाय," तो म्हणाला. "आठवायला गेलं का तुझीच येते."

मला वाटलं आई खूश होईल. तिचा चेहरा उतरला. कुणाचं तरी काही आपल्याकडून हरवलं असावं, तशी ती मुळा पिळू लागली. थोड्या वेळाने तिने विचारलं, तिचं नाव तरी काय होतं. बा म्हणाला, विचारलंच नाही कधी. विचारायचं कसं तेच येत नव्हतं.

आई मुळा पिळत राहिली. बाहेर दरीतलं धुकं विरायला लागलं होतं आणि पलीकडच्या डोंगराची कड दिसू लागली होती.