पोपट खाली येईना

लेक शिकायला पुण्याला गेली आणि जाताना तिचा पोपट आमच्या गळ्यात घालून गेली. हिरवा नाही, पिवळ्या तुऱ्याचा, दुकानातून आणलेला परदेशी. "घरात पोपट आला तर मी माहेरी निघून जाईन," असं मी तो आणायच्या आधी ठणकावलं होतं. आता माहेरी जायचं झालं तरी तो सोबत असतो, तेही पुढच्या सीटवर, पिंजऱ्याबाहेर. मी मागे, डब्यांबरोबर. त्याला समोरचा रस्ता पाहायला आवडतो. मला काय आवडतं, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

त्या रविवारी आम्ही नणंदेकडे दारव्ह्याला निघालो होतो. वाटेत एका टपरीपाशी गाडी थांबवली. आलूबोंड्यांचा पुडा आत घ्यायला मी काच खाली केली. पुडा आत आला, पोपट बाहेर गेला आणि टपरीमागच्या कडुनिंबाच्या शेंड्यावर जाऊन बसला.

रोज संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल येतो. "कशी आहेस गं आई" एवढं आमच्या वाट्याला, बाकी सगळा वेळ पोपटाचा. आज तिला काय दाखवू? रिकामा पिंजरा?

"ये रे राजा, ये रे सोन्या!" एवढ्या लाडानं मी लेकीलाही कधी हाक मारली नव्हती. पोपट पिसं साफ करत बसला. टपरीवरचे लोक चहाचे कप घेऊन झाडाखाली जमले.

"कोंबडीचं पिल्लू आहे का जी हे?" एका काकांनी विचारलं.

"पोपट आहे."

"मंग हिरवा काहून नाई?"

तेवढ्यात ह्यांना सुचलं. घरी आमचं वाजलं की हा पोपट असेल तिथून उडत येतो आणि मोठ्यानं बोलणाऱ्याच्या डोक्यावर बसतो. बहुतेक वेळा माझ्याच.

"भांड," हे हळूच म्हणाले.

"काय?"

"भांड ना माझ्याशी. जोरात."

एरवी मला आमंत्रण लागत नाही. पण चार लोकांसमोर, सांगून-सवरून भांडायचं म्हणजे विषयच सुचेना. "तुम्ही… ओला टॉवेल पलंगावर टाकता," मी म्हणाले.

"चुकलं माझं," हे म्हणाले.

अशानं होतं का भांडण? पोपटानं मान तिरकी करून पाहिलं आणि पाठ फिरवली.

"नाटक वाटून राह्यलं जी," काका म्हणाले.

"काच कायले उघडली तू?" ह्यांचा आवाज आता जरा चढला. "तुले तर तो कधी नकोच होता!"

आणि माझं सुटलं. "मले नको होता? त्याची घाण कोण पुसते मग? मले पोरगी पुण्याले पाठवाची नव्हती! अमरावतीत नव्हतं काय कॉलेज? मले न विचारता तुम्ही हो म्हटलं, अन् पोरीच्या जागी हा पोपट घेऊन बसली मी!"

असं काही माझ्या मनात आहे, ते मलाही तेव्हाच कळलं. मग डोक्याला नख्या टोचल्या.

"हलू नको," हे म्हणाले. डोक्यावर भरली कळशी असावी तशी मी गाडीपर्यंत चालत गेले. पाठीमागे कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

काचा लावून गाडी बरीच पुढे गेल्यावर हे म्हणाले, "पोरीनंच सांगितलं होतं, आईले विचारू नका. ती रडली तर माझा पाय निघणार नाई."

"मग हे इतके दिवस काहून नाई सांगितलं?"

"तू रडशील म्हणून."

यावर दारव्हा येईपर्यंत आम्ही भांडलो, पण कुजबुजत. पोपट मोठ्या आवाजाकडे जातो, आणि गाडी हे चालवत होते.