अलगदराव आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण

काचेचं काम करणाऱ्याचा हात एक तर निबर होतो, नाहीतर हळुवार. आमच्या गल्लीतल्या काचवाल्याचा हात इतका हळुवार झाला, की लोक त्यांचं खरं नाव विसरले आणि त्यांना अलगदराव म्हणू लागले. उभा जन्म त्यांनी खिडक्यांना आणि कपाटांना काचा बसवण्यात घालवला. काच उचलायची ती श्वास रोखून, टेकवायची ती पाण्यावर पान उतरावं तशी. पुढे पुढे काच हातात नसली तरी हात तसाच चालू लागला. त्यांनी लावलेलं दार आपसूक उघडे. त्यांनी बंद केलेला नळ ठिबकत राही. बरणीचं झाकण ते नुसतं वर ठेवत, आणि बायकोने झाकणाला धरून बरणी उचलली की डाळ घरभर. तुमच्या हातांना हाडं आहेत की नाहीत, असं ती विचारी आणि डाळ गोळा करता करता स्वतःच हसत सुटे.

या माणसाची एक जुनी गाडी होती. मागच्या सीटवर ब्लँकेटात गुंडाळलेले आरसे निजवून ते तिला अशी चालवत, की सायकलवालेसुद्धा घंटी वाजवून पुढे जात. एका सकाळी तिच्या वेगाच्या काट्याशेजारी इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. गाडी नेहमीसारखीच चालत होती, पण घरात मात्र कुणी आजारी पडल्यासारखं झालं.

त्यात मेहुणा आला. त्याला सगळ्यातलं सगळं कळतं. इंजिन गेलं, असं त्याने गाडीचं बॉनेटही न उघडता सांगितलं. चालतेय तोवर विकून टाका, महिनाअखेरच्या रविवारी गिऱ्हाईक घेऊन येतो. अलगदरावांनी आजवर कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं. ते पुटपुटले, की तोवर दिवा विझला नाही तर विकू. त्या दिवसापासून त्यांना जेवण जाईना. ते गाडीपाशी जाऊन उभे राहत आणि तिच्या टपावरची धूळ बोटाने पुसत.

शेवटी ते कोपऱ्यावरच्या गॅरेजात गेले. गॅरेज एका ताईचं. तिने स्टिअरिंगखाली तळहाताएवढं यंत्र जोडलं, पडद्यावरचा बिघाडाचा कोड वाचला आणि समजावून सांगितलं. पी शून्य चार पाच सात. टाकीतली पेट्रोलची वाफ बाहेर पडता कामा नये, म्हणून गाडी चालता चालता स्वतःच टाकी घट्ट बंद आहे का ते तपासते. कुठून तरी हवा सुटतेय, बहुतेक झाकणातून. इंजिनाचं यात काही बिघडलेलं नाही.

"काका, गाडीला सर्दी झालीय," ती म्हणाली, "आणि तुम्ही खांदेकरी शोधत फिरताय."

तिने झाकणाची रबरी रिंग पाहिली, ती चांगली होती. झाकण पिळून बसवलं आणि यंत्राने कोड पुसला. दिवा विझला. पण कोड पुसला म्हणजे कारण गेलं असं नाही, हेही तिने बजावलं. अलगदराव इतके खूश झाले, की तसेच पेट्रोल भरायला गेले. चार दिवसांत दिवा परत हजर.

पुन्हा पुसला, पुन्हा आला. मग ताई हात पुसत गाडीत बसली. पेट्रोल भरा आणि झाकण कसं लावता ते मला दाखवा, म्हणाली. पंपावरच्या माणसाला अलगदराव झाकणाला हात लावू देत नसत, तो आडदांड होता. त्यांनी स्वतः झाकण ठेवलं, तान्ह्या बाळाची कूस बदलावी तसं जरासं फिरवलं आणि वरून थोपटलं.

"अजून फिरवा. कट असा आवाज येईपर्यंत."

अलगदरावांचा चेहरा उतरला. काच बसवताना शेवटचा स्क्रू आवळावा आणि बारीकसा कट ऐकू यावा, म्हणजे काच गेली. तो आवाज येऊ नये म्हणून त्यांनी जन्म घालवला होता, आणि ही बाई म्हणते तो येईपर्यंत आवळा.

हे झाकण केलंच आहे तसं, तिने सांगितलं. आवाज आला म्हणजे बसलं. पुढे कितीही पिळलं तरी तुटायचं नाही.

त्यांनी डोळे मिटले, खांदे कानांपर्यंत नेले आणि फिरवलं. कट. तुकडे कधी पडतात म्हणून ते तसेच उभे राहिले. काहीच पडलं नाही. एक डोळा उघडून त्यांनी पुन्हा फिरवलं. कट. मग मात्र त्यांना चटक लागली. कट, कट, कट. मागे रांगेतल्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या, तेव्हा ताईने त्यांना दंडाला धरून सीटवर बसवलं.

कोड शेवटचा पुसला. गाडी रोज फिरली, तिने आपली आपण परीक्षा घेतली, दिवा काही लागला नाही.

ठरल्या रविवारी मेहुणा गिऱ्हाइकाला घेऊन आलाच. गिऱ्हाइकाने एक फेरी मारली आणि तो हरखून गेला. दिवा नाही, खडखड नाही, इंजिन लोण्यासारखं. घेतली म्हणाला. मेहुणा म्हणाला, भावजी, नशीब काढलंत.

अलगदराव नाही म्हणाले. पण असे म्हणाले, की गिऱ्हाइकाला वाटलं त्यांनी घसा साफ केला. ते पुन्हा नाही म्हणाले. मेहुण्याला वाटलं, आनंदाने गळा भरून आला. गिऱ्हाइकाने किल्लीसाठी हात पुढे केला.

"ते नाही म्हणतायत," दारातून बायको म्हणाली. गल्लीच्या टोकाची दोन माणसं वळून बघू लागली. "दोनदा म्हणाले. गाडी विकायची नाही."

गिऱ्हाईक गेलं. मेहुणा चहा न घेता गेला, म्हणजे चांगलाच रुसला.

अलगदराव किल्ली मुठीत धरून अंगणात उभे होते. "मी म्हटलं होतं गं," ते म्हणाले.

"ऐकलं मी," ती म्हणाली.