घराची बॅटरी

या सदरातले अनुभव मी वाचत आलो आहे, पण खरं सांगायचं तर एकावरही माझा विश्वास बसलेला नाही. आमच्या घरात तशी सोयच नव्हती. छप्पन साली आई-बाबांनी नागपूरला दीक्षा घेतली. परत आल्यावर बाबांनी देव्हारा रिकामा केला, आणि देवांबरोबर काही शब्दही घराबाहेर काढले — आत्मा, भूत, नजर, करणी... बाबा म्हणायचे, "मेला मानूस कुठी जात नाई, अन् कुठून येत नाई." मी ते तेव्हाही मानत होतो, आजही मानतो. म्हणूनच हे लिहायला इतका उशीर झाला.

बाबा बडनेऱ्याला रेल्वेत होते. डब्यांमधले दिवे आणि पंखे हे त्यांचं खातं. डब्याच्या पोटाखाली बॅटऱ्या असतात. गाडी पळताना त्या भरतात, आणि गाडी उभी राहिली की दिवे-पंखे त्यांच्यावर चालतात. उभं आयुष्य त्यांनी हेच केलं. रिटायर झाल्यावर त्यांनी लिलावातून लष्कराची एक जुनी अँब्युलन्स घेतली, तेव्हा आमची गल्ली हसली. शेजारचे एक काका रोज विचारायचे, "काहो, आता पेशंट आनाले जाता काय?"

बाबा म्हणायचे, "पेशंट घरातच हाय. तिले फिराले नेतो."

पेशंट म्हणजे माझी आई. तिला दमा होता. दीक्षेनंतरच्या वर्षी दोघं अजिंठा पाहायला निघाले होते. वाटेत एका गावी धर्मशाळेत जागा मागितली, तर तिथल्या माणसानं आधी आडनाव विचारलं. मग म्हणाला, जागा नाही. अख्खी रात्र दोघांनी उघड्यावर काढली, आईचा दमा उसळला, आणि सकाळी अजिंठा न पाहताच ते परत फिरले. बाबा ही गोष्ट कधी बोलले नाहीत. आईनंच एकदा मला सांगितली. त्या सकाळी बाबा तिला म्हणाले होते, "यापुढं तुले कोनाच्या दारात जागा मांगू देनार नाई."

गाडी त्यासाठी होती. मागच्या बाजूला त्यांनी दोन बर्थ बसवले, स्टोव्हसाठी फळी ठोकली, खिडक्यांना जाळ्या लावल्या. पण बंद गाडीत आईला झोप लागायची तर पंखा हवा. आणि रात्रभर पंखा चालला, तर बॅटरी उतरणार आणि सकाळी इंजीन चालू होणार नाही — म्हणजे पुन्हा कुणाच्या तरी दारात उभं राहणं आलं. म्हणून बाबांनी दुसऱ्या बॅटरीची योजना केली. "एक बॅटरी गाडीची, एक घराची," ते सांगायचे. "घरानं कितीबी खाल्लं, तरी गाडी उपाशी नाई राह्यली पायजे." दोन दिवे आणि बर्थवरचा एक लहान पंखा, एवढंच ते घर. वायरिंगचं काम त्यांनी एकट्यानं, अगदी सावकाश केलं. मी अकोल्याला हायस्कुलात शिकवत होतो. रविवारी बडनेऱ्याला गेलो की शेजारी पुस्तक घेऊन बसायचो. त्यांनी मला त्यातलं काही सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

थंडीत एका सकाळी ते म्हणाले, "वायरिंग झालं. आता घराची बॅटरी आनली का निंगालो." त्याच आठवड्यात चहा पिता पिता त्यांच्या छातीत कळ आली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

आई जवळजवळ बोलेनाशी झाली. चैत्रात मात्र एकदम म्हणाली, "गाडी तयार कर. बुद्धपौर्णिमेले मले अजिंठ्याले जाचं हाय."

"बसनं नेतो ना, आई. ओळखीचं कुणीतरी पाहतो तिकडं..."

"मी कोनाले जागा मांगनार नाई. त्याईनं मले शब्द देल्ला व्हता. बसनं नेतो म्हनतो!"

गाडी चालवणं बाबांनी मला शिकवलेलं होतं. आईला घेऊन मी अँब्युलन्स अकोल्याला आणली. मोर्णा नदीच्या पुलाच्या अलीकडं एका निंबाखाली युसूफ मिस्त्री मोटारींचं इलेक्ट्रिकचं काम करायचा. सगळ्या ट्रकवाल्यांचा भरवशाचा माणूस. बाबांना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. ते वारल्याचंही मी त्याला सांगितलं नव्हतं. 'वडिलांनी केलेलं वायरिंग आहे' एवढंच म्हणालो.

त्यानं नवी बॅटरी ठेवली. बाबांच्या फ्यूजच्या पाटीवरून आलेली तार तिच्या एका टोकाला जोडली आणि दुसरं टोक गाडीच्या पत्र्याला. मोटारीत असंच असतं. येणारी तार एक, आणि परत जायला सगळा पत्रा. त्यानं बटण दाबलं. दिवा नाही, पंखा नाही. तासभर तो या टोकाला, त्या टोकाला टेस्टचा बल्ब लावून पाहत होता.

"मास्तर, हे वायरिंग मेलं हाय," तो म्हणाला. "कुठी तुटलं काई पत्ता नाई. अल्लाच जाने तुमच्या वडलानं काय करून ठेवलं! पूरं उखडतो, नवं टाकतो."

पौर्णिमा जवळ आली होती. मी आईकडं पाहिलं. ती मागच्या बर्थवर उशीची खोळ शिवत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"उखडा," मी म्हणालो.

शाळेत पेपर तपासायचे होते. आईला म्हटलं, घरी चल. ती म्हणाली, "गाडी एकटी नको. मी बसतो इथंच." मी गेलो.

दुपार कलल्यावर परत आलो, तर निंबाखाली गाडीचं मागचं दार सताड उघडं, आत दोन्ही दिवे लागलेले आणि आईच्या डोक्यावर पंखा फिरत होता. मिस्त्री बाहेर बिडी ओढत बसला होता. मला पाहून हसायला लागला.

"मास्तर, बुढ्याले आधीच काहून नाई आनलं? सकायपासून माही मगजमारी वाचली असती ना!"

"कोणाला?"

"तुमच्या वडलाले! आले अन् मलेच झाडाले लागले. 'मिस्त्री, पत्र्याचा नाद सोड. हे मोटारीचं नोय, डब्याचं वायरिंग हाय. डब्यात जानारी तार येगळी, येनारी तार येगळी. लोखंडावर भरवसा नाई ठेवाचा.' मी म्हनलं, बाबा, मंग येनारी कुठी लपवली? तं म्हने, डायवरच्या सीटमांगं, रेक्झिनच्या आत. पाह्यलं तं खरंच! पांढऱ्या सुती पट्टीत टोक गुंडायून ठेवलेलं." बिडी विझवून तो पुढं म्हणाला, "तुमच्यावरबी बोलले, मास्तर. म्हने, पोराले इचारू नोको, त्याले फ्यूजबी बदलता येत नाई."

ते खरं आहे. मला येत नाही.

"मिस्त्री," मी म्हणालो, "माझे वडील थंडीतच वारले."

"मजाक नोको करा."

तो माझ्याकडं बघत राहिला, मग हळूच उठून उभा राहिला. माणूस कसा होता, मी विचारलं. उंच, किंचित वाकलेला, गळ्यापर्यंत बटणं लावलेला खाकी कोट. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. आणि बोलता बोलता अंगठ्यानं तारेचं टोक घासायची सवय. सगळं बाबांचंच.

आईनं सगळं ऐकलं होतं. शिवण बाजूला ठेवून ती गाडीच्या दाराशी आली.

"कुठी उभे व्हते?"

मिस्त्रीनं दाखवलं. ड्रायव्हरच्या सीटमागची, बर्थच्या डोक्याकडची जागा. ती बसली होती तिथून हात लांब केला असता तर पोहोचला असता. आई दिवसभर तिथून हलली नव्हती. तिनं काहीच पाहिलं नव्हतं. मिस्त्री कुणाशी तरी 'हौ बाबा, हौ बाबा' म्हणतोय, एवढंच तिच्या कानावर आलं होतं. तिला वाटलं, कामाच्या तंद्रीत बोलून राहिला असेल.

"माह्याबद्दल काई बोलले?" तिनं विचारलं.

मिस्त्रीनं खोटं बोलायला हवं होतं. पण तो तसा माणूस नव्हता. "नाई, माय. पंख्याचंच बोलले. म्हने, पयले पंखा लाव, दिवे मंग."

"आई, पंखा तुझ्यासाठीच तर..." मी म्हणालो.

"पंख्याचं समजलं मले," आई म्हणाली. "पन माह्याकडं पाहाले काय झालं व्हतं?"

तिनं त्या जागी हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

नंतर मी शोध घ्यायचा तेवढा घेतला. बाबांच्या खात्यातल्या माणसांना बडनेऱ्याला जाऊन भेटलो. दोन तारांची पद्धत डब्यांमध्ये खरीच असते, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्यापैकी कुणीही त्या दिवशी अकोल्याला आलं नव्हतं, आणि सीटमागं लपवलेल्या टोकाचं कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. मिस्त्रीलाही मी पुन्हा पुन्हा विचारलं. त्यानं एक शब्द इकडचा तिकडं केला नाही; शेवटी चिडून म्हणाला, "तुमी शिकेल मानसं, तुमीच सांगा मंग कोन व्हतं ते!"

पौर्णिमेला आम्ही अजिंठ्याला गेलो. आईनं लेणी पाहिली. थकून, थांबत थांबत, पण पाहिली. कुणाला जागा मागावी लागली नाही. संध्याकाळी डोंगराच्या पायथ्याशी झाडाखाली गाडी उभी केली आणि मी घराचं बटण दाबलं. पंखा सुरू झाला. आई बर्थवर बसून होती, ड्रायव्हरच्या सीटमागच्या त्या जागेकडं तोंड करून. मी म्हटलं, आता आडवी हो, दिवसभर चाललीस.

"झोप लागली अन् ते आले, तं?" ती म्हणाली.

त्यानंतर आई पुष्कळ वर्षं जगली. आम्ही त्या गाडीनं आणखीही फिरलो. बाबांनी तिच्या झोपेसाठी केलेल्या त्या पंख्याखाली मी तिला एकदाही झोपलेलं पाहिलं नाही. आता तीही नाही.

मेलेला माणूस कुठून येत नाही, हे मी अजूनही मानतो. मिस्त्रीला काय दिसलं, ते मला सांगता येत नाही, आणि सांगता येईल अशी आशाही आता राहिलेली नाही. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. वाईट एवढंच वाटतं की, जे कोणी आलं होतं, त्यानं एकदा मागं वळून पाहायला हवं होतं.