छोट्या चाकाची घागर

आमच्या काकांनी माझी सायकल मोडली, ही गोष्ट मला आजही हसत सांगता येत नाही. ऐकणारे हसतात, हसोत बापडे.

तंजावरात आमच्या भागातलं मंडळ दर पोंगलला शेजारच्या तिरुवैयारू गावापर्यंत सायकलची शर्यत ठेवायचं. पहिल्याला एवरसिल्वरची, म्हणजे स्टीलची, घागर, दुसऱ्याला एवरसिल्वरचा डबा. काका दरवर्षी दुसरे. पहिला यायचा तो त्यांच्याच ऑफिसातला हेडक्लार्क, चांगला पोट सुटलेला माणूस. आमच्या घरी साखर, मोहरी, शिवणाचे दोरे, पोस्टाची तिकिटं, सगळं दुसऱ्या बक्षिसात भरलेलं असायचं. काकूला घागर हवी होती आणि काकांना एकदा तरी पहिलं यायचं होतं. मंडळाच्या नियमात चाळिशीनंतर शर्यतीत उतरता येत नसे, म्हणजे ते वर्ष काकांचं शेवटचं.

त्याच सुमारास गल्लीत केबल आली. एका संध्याकाळी काकांनी टीव्हीवर कुठली तरी परदेशातली शर्यत पाहिली. एका गोऱ्याच्या सायकलचं पुढचं चाक मागच्याहून लहान होतं आणि तो सुसाट चालला होता. काका ताटावरून उठून उभेच राहिले. एक चाक लहान केल्यावर माणूस एवढा पळतो, तर दोन्ही केली की दुप्पट पळणार, असा त्यांनी हिशेब मांडला.

पुढे महिनाभर घरात दुसरा विषय नाही. फायदे काका सांगायचे आणि तोटे काकू. चाक हलकं, जागचं झटकन सुटतं, असं काका म्हणाले की काकू भाजी चिरता चिरता म्हणायची, पाय मात्र दुप्पट मारावे लागतील. वारा कमी लागतो, असं काका म्हणाले की ती म्हणायची, मोठ्या चाकाला जो खड्डा तो याला विहीर. पेडल खाली येऊन वळताना जमिनीला घासेल, हेही तिनंच काढलं. त्यावर काकांनी वळायचंच नाही असं ठरवून टाकलं.

इथवर माझं काही जात नव्हतं. पण सांगाडाही बुटका हवा म्हणून त्यांची नजर माझ्या लेडीज सायकलवर गेली. बारावी पास झाल्याचं बक्षीस होतं ते! कॉलेजातून आले तर मडगार्ड, कॅरिअर, घंटी अंगणात पसरलेली, आणि लहान पोरांच्या सायकलची दोन चाकं काका माझ्या सायकलला लावत बसलेले. मी रडले, भांडले, आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

फायदा झाला तो काकूचा. ती ठेंगणी, काकांच्या उंच सायकलवर तिचे पाय जमिनीला टेकत नसत, म्हणून सायकल शिकायची राहून गेलेली. या सायकलवर टेकले. मग काय, सकाळी बाई नऊवारीचा काष्टा घट्ट करून बाजारात. रेसिंग सायकलवरून वांगी आणतात होय, म्हणून काका चिडायचे. बाजारच्या गर्दीत मुंगीच्या पावलांनी सायकल चालवत भाव विचारायचे, पाय मात्र खाली टेकायचा नाही, ही विद्या तिनं त्या महिन्यात कमावली.

शर्यतीच्या दिवशी मी आणि काकू चिंचेचा भात घेऊन बसने तिरुवैयारूला जाऊन उभ्या राहिलो. हेडक्लार्क पहिला आला. मग एकेक करून सगळे आले. सगळ्यात शेवटी काका आले, चालत, खांद्यावर सायकल. चाकांत पेंढा इतका भरलेला की आरे दिसत नव्हते. वेट्टार नदीच्या पुलापर्यंत ते खरंच सगळ्यांच्या पुढे होते. पुलापलीकडे कुणी तरी कापलेलं भात रस्त्यावर पसरलं होतं, बस-लॉऱ्यांखाली आपोआप मळणी व्हावी म्हणून. बाकीच्यांची चाकं वरून गेली, काकांची रुतली. वर ते भात जिचं होतं त्या शेतकरीण बाईनं, माझं भात घेऊन कुठे निघालात, म्हणत त्यांना बसवून आऱ्यांतल्या लोंब्या एकेक करून काढून घेतल्या.

काका काकूला एवढंच म्हणाले, "शेवटचं वर्ष होतं." माझ्या सायकलची दशा समोर दिसत असूनही मला त्यांची दया आली, आणि त्याचाच जास्त राग आला.

तेवढ्यात भोंग्यावर बायकांच्या स्लो सायकल रेसची हाक झाली. पाय न टेकता जी सगळ्यात शेवटी पोचेल ती पहिली. टेबलावर आणखी एक घागर होती. काकूनं ती पाहिली, काष्टा खोचला, काकांच्या हातातली सायकल काढून घेतली आणि चाकांतला पेंढा ओढून काढला. बाकीच्या उंच सायकली डुगडुगत एकेक पडल्या, नाही तर पुढे निघून गेल्या. काकू बाजारात असल्यासारखी हँडल इकडून तिकडे करत, तोंडानं काकांना, गोऱ्याला आणि केबलवाल्याला शिव्या देत, अख्ख्या गावाच्या देखत जवळजवळ जागच्या जागी चालत राहिली. घागर तिनं घेतली.

दुसऱ्या दिवशी ती घागर भांडीवाल्याकडे नेऊन तिनं नाव घालून आणलं. घरात आम्ही मराठी बोलतो, वाचत कुणी नाही, तेव्हा अक्षरं तमिळ. वर काकांचं नाव, खाली 'सायकल शर्यत, पहिलं बक्षीस'. मी विचारलं, तुझं नाव कुठे आहे? आणि 'स्लो' कुठे गेलं?

"जागा पुरली नाही," काकू म्हणाली.

त्या घागरीच्या पोटावर आमचं सगळं खानदान मावलं असतं. काकांनी ती हातात घेतली, दोनदा वाचली आणि पाणी भरायला निघाले. जन्मात ते कधी नळावर गेले नव्हते. घागर खांद्यावर होती आणि अक्षरं लोकांच्या बाजूला.