आधी वाडीला सांगायचं

आमच्या मुलींच्या गटाला अध्यक्ष नव्हता. संस्थेच्या ताई म्हणायच्या, सगळ्यांनी मिळून चालवायचं, आणि आम्ही ते फारच मनावर घेतलं. बैठक कुणी घ्यायची, कुणी बोलायचं, सगळं पाळीपाळीने. गोंधळ व्हायचा, पण तो आमचा होता. ताई पाहणीसाठी तयार प्रश्न घेऊन आल्या तेव्हा ते बाजूला सारून आम्ही आमचा प्रश्न ठेवला: मुली कॉलेज अर्ध्यावर का सोडतात?

टोकावड्याच्या आसपासच्या वाड्यांत आम्ही मुलींशी बोललो. मोठी माणसं म्हणायची, पोरींना अभ्यास झेपत नाही. मुली वेगळंच सांगत होत्या. मुरबाडहून येणारी एसटी फाट्यावर सोडते तेव्हा अंधार पडलेला असतो, आणि तिथून वाडीपर्यंत दारू प्यायलेली पोरं मोटारसायकल हळू करून मागे मागे येतात. मीही त्याच गाडीने यायचे. मला यातलं काहीच नवीन नव्हतं.

आमचा एक नियम होता आणि त्याचा आम्हाला भारी अभिमान. जे कळलं ते आधी वाडीला सांगायचं, मग बाहेर. उत्तरं वाडीची, तर पहिला मान वाडीचा. ताई म्हणाल्या, "हवं तर मी बोलते." आम्ही म्हटलं, आमचं आम्ही सांगू. त्या दिवशी बोलायची पाळी माझी होती.

देवळासमोर आमची सगळी वाडी जमली. मी कुणा मुलीचं नाव घेतलं नाही, पण एवढ्याशा वाडीत कॉलेजला कोण जातं हे काय सांगायला हवं? बोलून झाल्यावर मला वाटलं, छान झालं. बाबा खाली बघत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "आणि यांचे बाप काय करत होते रे?"

सकाळी मी दप्तर भरत होते. बाबा म्हणाले, "आजपासून कालेज नाय." थोड्याच दिवसांत वाडीतल्या बाकीच्या मुलीही घरी बसल्या. ताई समजवायला आल्या, तर बाबांनी त्यांना चहा पाजला आणि पीकपाण्याच्या गप्पा मारल्या.

पुढे गटाचा अर्ज एसटीच्या आगारात गेला आणि गाडी लवकर सुटू लागली. तोवर माझं लग्न झालं होतं. आता धाकटी बहीण उजेडात घरी येते. मला त्याचा आनंद आहे आणि तिचा हेवाही वाटतो, खोटं कशाला बोलू?

गेल्या दिवाळीत माहेरी गेले तेव्हा बाबा खळ्यावर भात झोडत होते. धाकटी कॉलेजातलं काहीतरी सांगत घरात गेली. माझ्याकडे न बघता बाबा म्हणाले, "मला घरात सांगायचं ना गो. रोज आलो असतो मी फाट्यावर, बॅटरी घेऊन. अख्ख्या वाडीसमोर ऐकल्यावर माणूस काय करणार?"

इतक्या वाड्या हिंडलो, इतक्या मुलींना विचारलं. आपापल्या बापाला मात्र आमच्यातल्या कुणीच विचारलं नव्हतं.